संडास बांधला, टाकी कोण उपसणार?

सेमाडोह हे परतवाडा-धारणी रस्त्यावरचे, सिपना नदीकाठचे गाव. तिथे काय किंवा आपल्या जिल्ह्यातल्या सपाटीवरच्या खेड्यांत काय, आता बऱ्याच घरांमागे पक्का संडास दिसतो. २०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात पात्र कुटुंबांना बारा हजार रुपयांचे अनुदान मिळाले आणि गावाबाहेरची हागणदारी पुष्कळ कमी झाली. ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु संडास बांधला की काम संपले, अशी जी समजूत होऊन बसली आहे ती घातक आहे. खाली साठणाऱ्या मैल्याचे पुढे काय करायचे, हे घरमालकानेही ठरवलेले नसते आणि ग्रामपंचायतीनेही.

सेप्टिक टाकी मैला नाहीसा करते, असे अनेकांना वाटते. तसे नाही. टाकीत जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग वर तरंगतो आणि मधले पाणी पुढे शोषखड्ड्यात जाते. हवेशिवाय जगणारे जंतू तळाचा गाळ कुजवून कमी करतात, पण संपवत नाहीत. तो साठतच जातो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसणे आवश्यक असते. ती उपसली नाही तर गाळ पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो, खड्ड्याची छिद्रे बुजतात आणि घाण अंगणात किंवा नालीत येते. संडासात ओतलेले पाणी सावकाश उतरू लागले, टाकीजवळची जमीन ओली राहू लागली, दुर्गंधी सुटली, की वेळ होऊन गेली असे समजावे.

आपल्या भागात हा प्रश्न अधिक अवघड आहे. मेळघाटात थोडी माती आणि खाली काळा दगड. दगडाच्या भेगांतून घाण पाणी मातीत न गाळताच दूर जाते. सपाटीवरच्या काळ्या चिकण जमिनीत उलट अडचण, तिथे पावसाळ्यात पाणी मुरतच नाही. म्हणून शोषखड्डा विहिरीपासून किंवा हातपंपापासून निदान पन्नास फूट लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा. दगडाळ जागी याहूनही लांब असलेला बरा.

दूषित पाण्याची किंमत आपल्या तालुक्यांनी मोजलेली आहे. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत विहिरीचे दूषित पाणी पिऊन मोठ्या संख्येने लोक आजारी पडले, काहींचा जीव गेला. तिथे दोष सेप्टिक टाकीचा होता, असे माझे म्हणणे नाही. पण मैला आणि पिण्याचे पाणी यांची गाठ पडली की पटकी, हगवण, विषमज्वर, कावीळ ही मंडळी कुठल्या वाटेने आली हे विचारत बसत नाहीत. १९९३ साली मेळघाटातले बालमृत्यू राज्यभर गाजले. कुपोषित मुलाला वारंवार हगवण लागली तर पोटात गेलेले अन्न अंगी लागत नाही. आहार देताना पाण्याची काळजी घेतली नाही, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते.

मग टाकी उपसायची कशी? इथेच खरी अडचण आहे. सेमाडोहच्या एकट्या घरमालकाने परतवाड्याकडून सक्शन टँकर बोलवायचा तर घाटाचे भाडे एका टाकीसाठी कोणाला परवडणार? मग स्वस्तातली वाट शोधली जाते. गरजू माणसाला चार पैसे देऊन टाकीत उतरवले जाते. हे कधीही करू नका. टाकीतला वायू माणसाला क्षणात बेशुद्ध करतो. कुजक्या अंड्यासारखा वास थोड्याच वेळात नाकाला जाणवेनासा होतो, त्यामुळे धोका टळला असे वाटते. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. २०१३ च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईला माणूस लावणे गुन्हा ठरवले आहे. कायदा नसता तरी, आपल्या घरचा मैला दुसऱ्याच्या जिवावर काढण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

माझे मत स्पष्ट आहे. टाकी उपसणे हे नळाच्या पाण्यासारखेच ग्रामपंचायतीचे काम मानले पाहिजे. आसपासच्या गावांनी पंचायत समितीमार्फत मिळून टँकर ठरवावा. कोणाची टाकी कधी बांधली, कधी उपसली याची वही ठेवावी आणि पावसाळ्यापूर्वी एका फेरीत पाळीच्या सगळ्या टाक्या उपसाव्यात. भाडे वाटले गेले की कोणालाच जड जात नाही. हे काही स्वप्नरंजन नाही. साताऱ्याकडच्या वाई आणि नाशिककडच्या सिन्नर नगरपालिकांनी तक्रारीची वाट न पाहता पाळीपाळीने टाक्या उपसण्याची पद्धत सुरू केली. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवला होता. त्यातला किती पैसा मैल्याच्या व्यवस्थेवर गेला, हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. उपसलेला मैला सिपनेत, नाल्यात किंवा जंगलात ओतायचा नाही, हेही टँकरवाल्याशी लेखी ठरवावे. जवळ प्रक्रिया केंद्र नसेल तर पाण्यापासून दूर चर खणून तो मातीखाली पुरावा लागतो.

घरच्यांनी करण्यासारखेही बरेच आहे. लांब काठीला खालून पांढरे फडके गुंडाळून झाकणाच्या तोंडातून तळापर्यंत सोडावे. झाकण आधी बराच वेळ उघडे ठेवावे, तोंडावर वाकू नये आणि जवळ काडी किंवा बिडी पेटवू नये. फडक्यावरच्या काळ्या डागावरून गाळ कळतो. तो टाकीच्या एक तृतीयांश उंचीला आला की उपसण्याची वेळ झाली. संडासात ॲसिड आणि फिनेल भरमसाट ओतू नये, त्याने कुजवणारे जंतू मरतात. बाजारातल्या पावडरी टाकल्याने उपसण्यातून सुटका होत नाही. हवेच्या नळीच्या तोंडाला जाळी बांधावी, म्हणजे डास आत अंडी घालणार नाहीत.

नव्याने संडास बांधणाऱ्यांना मात्र माझा सल्ला दोन खड्ड्यांच्या संडासाचा आहे. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा आणि पहिला निदान दीड वर्ष बंद ठेवायचा. तेवढ्यात मैल्याचे कोरडे, बिनवासाचे खत होते. टँकर नको, कोणाला आत उतरवणे नको. जिथे दगड लागतो तिथे मात्र जाणकाराला विचारूनच जागा निवडावी.

गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांनी हातात खराटा घेऊन गावे झाडली. त्यांच्या नावाने २००० साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानात आपण बक्षिसे मिळवली, फलक लावले. आता जे डोळ्यांना दिसत नाही, जमिनीखाली साठत आहे, त्याची पाळी आहे. येत्या ग्रामसभेत एवढाच एक प्रश्न विचारा : आपल्या गावातल्या टाक्या कोण उपसणार, आणि कधी?