मुलांना काम द्या, मजुरी नको

बेसा हे अगदी अलीकडेपर्यंत नागपूरच्या दक्षिणेचं शेतीचं गाव होतं. आता इथे चहूकडे फ्लॅटच्या इमारती उभ्या राहत आहेत. मी इथेच राहतो. चार पालक भेटले की एक तक्रार हमखास ऐकू येते: पोरांना कष्टाची सवयच राहिली नाही. पण सवय लागणार कशी? ज्या घरात पैसा आहे, तिथे मुलाला पाण्याचा ग्लासही हातात आणून दिला जातो. ज्या घरात ओढाताण आहे, तिथला मुलगा शाळा सोडून गॅरेजवर जातो. पहिल्याला काम परकं वाटतं, दुसऱ्याला शिक्षा.

या प्रश्नाचा खोलवर विचार आपल्या जवळच झाला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. अभ्यासक्रम आखण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, जे १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. सात वर्षांचं मोफत, सक्तीचं, मातृभाषेतलं शिक्षण आणि त्याच्या केंद्रस्थानी सूतकताई, सुतारकाम किंवा शेतीसारखं हातकाम, अशी ती योजना होती. मुलांच्या कामातून शिक्षकांचा पगार निघावा, ही गांधीजींची अपेक्षा. समितीने मात्र अहवालात स्पष्ट इशारा दिला की कमाईवरच भर दिला तर शिक्षणाचा हेतू मागे पडेल. मुलाने कामाची आखणी करावी, ते अचूक करावं, इतरांसोबत करावं आणि त्याची जबाबदारी घ्यावी, यावर समितीचा भर होता.

हेच घरात करता येईल. नऊ-दहा वर्षांच्या मुलावर एक काम पूर्णपणे सोपवा. कुंड्यांना पाणी, स्वतःचा डबा धुणं, काहीही. बिघडलं तर ओरडू नका, हातातून काढूनही घेऊ नका. पुन्हा करू द्या. घरचं दुकान असेल तर शाळेनंतर थोडा वेळ हिशेब लिहू द्या. कायद्याची मर्यादाही लक्षात ठेवा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना कुठेही कामाला ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात हातभार चालतो, पण शाळेनंतर किंवा सुट्टीत, आणि काम धोक्याचं नसेल तरच.

आणखी एक गोष्ट आपल्याला टोचायला हवी. आपल्या अनेक घरांत मेहनत आपाच्या वाट्याला येते, आराम भाईजानच्या. ती परीक्षेच्या दिवसांतही रोट्या लाटते. तो जेवून उठतो, ताट तिथेच. अशा घरात मुलगा हेच शिकतो की काम दुसऱ्यांनी करायचं असतं. पुढे नोकरीत आणि संसारात तो तसाच वागतो.

तुमच्यापैकी बरेच जण अजून पालक नाहीत, पण कुणाचे तरी मोठे भाऊ, मोठ्या बहिणी आहात. अम्मी-अब्बूंच्या उपदेशापेक्षा धाकटे तुमच्याकडे जास्त पाहतात. आज रात्री दस्तरखान आवरायला तुम्ही उठा आणि धाकट्या भावालाही सोबत घ्या.