सभेपूर्वीच पोहोचलेला संदेश

निवडणूक जवळ आली की प्रत्येक पक्षात घोषणांचा शोध सुरू होतो. कोणता मुद्दा चालेल, कोणाची सभा कुठे लावायची, यावर बैठकांमागून बैठका झडतात. हे आवश्यकच आहे. पण पहिली सभा होण्यापूर्वीच पक्षाचा एक संदेश मतदारापर्यंत पोहोचलेला असतो, याचे भान रणनीती आखणाऱ्यांना क्वचितच राहते. निवडणूक का होत आहे, उमेदवार कोण आणि तो कोणी ठरवला, या प्रश्नांच्या उत्तरांतून तो संदेश घडतो. कृष्णाकाठच्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी हा धडा सर्वच पक्षांना दिला आहे.

प्रतिसरकारची ही भूमी राजकीयदृष्ट्या सदैव जागी राहिली आहे. १९५७ साली कराडचे यशवंतराव चव्हाण द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. तरीही संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात साताऱ्याने क्रांतिसिंह नाना पाटील यांना कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेत पाठविले. नेत्याविषयीचा आदर आणि मताचा निर्णय यांत अंतर ठेवणारा हा मतदार आहे.

त्याचा प्रत्यय २०१९ मध्ये पुन्हा आला. मे महिन्यात उदयनराजे भोसले राष्ट्रवादीतर्फे सुमारे सव्वा लाख मतांनी विजयी झाले. सप्टेंबरमध्ये त्यांनी राजीनामा देऊन भारतीय जनता पक्षात प्रवेश केला आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील यांच्याकडून सुमारे ८७ हजार मतांनी पराभूत झाले. त्या प्रचारात ३७० कलमाचा मुद्दा होता, पंतप्रधानांची सभाही झाली. पण पाच महिन्यांत ही निवडणूक पुन्हा कशासाठी, या प्रश्नाचे पटणारे उत्तर मतदाराला मिळाले नाही. शरद पवार यांचे भर पावसातील भाषण सर्वांच्या लक्षात राहिले. त्या भाषणात त्यांनी उमेदवार निवडण्यातील आपली चूक जाहीरपणे मान्य केली होती, हे मात्र फारसे कोणी आठवत नाही. पावसाचे छायाचित्र गाजले. मतदाराच्या मनाला भिडली ती कबुली, असे मानण्यास जागा आहे.

मतदाराचा राग व्यक्तीवर नव्हता, हे २०२४ मध्ये दिसले. तेच उदयनराजे भाजपच्या चिन्हावर ३२ हजार ७७१ मतांनी निवडून आले. मात्र 'तुतारी'शी नामसाधर्म्य असलेल्या चिन्हावरील एका अपक्षाने ३७ हजारांहून अधिक मते घेतली, हेही विसरता कामा नये. आपले चिन्ह शेवटच्या वस्तीपर्यंत समजावून सांगणे हे प्रचाराचे पहिले काम आहे, हा धडा पराभूत पक्षासाठी. आणि प्रत्येक विजय आपल्या संदेशाचाच असतो असे नाही, हा धडा विजेत्यासाठी.

सांगलीचा निकाल याहून बोलका आहे. २०१४ आणि २०१९ मध्ये येथे भाजपचे संजयकाका पाटील विजयी झाले. दोन्ही वेळा वसंतदादांच्या घराण्यातील उमेदवार हरला. म्हणजे केवळ घराण्याच्या नावावर सांगली चालत नाही. २०२४ मध्ये महाविकास आघाडीने स्थानिक काँग्रेसचा आग्रह डावलून ही जागा शिवसेनेच्या ठाकरे गटाला दिली. अपक्ष विशाल पाटील 'लिफाफा' चिन्हावर एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आले आणि आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर राहिला. जिल्ह्याला न विचारता घेतलेला निर्णय हाच तेथे आघाडीचा संदेश ठरला. पण भाजपलाही त्यातून सुटका नाही. विरोधकांत फूट असताना दहा वर्षांची खासदारकी हातून जाते, तेव्हा दोष भाषणांत शोधून भागत नाही.

सहा महिन्यांनी विधानसभेत महायुतीने साताऱ्यातील आठही आणि सांगलीतील आठपैकी पाच जागा जिंकल्या. लाडक्या बहिणींच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये जमा होत होते. तो संदेश समजावून सांगण्याची गरज नव्हती. परंतु रकमेवर रक्कम चढविणारा कोणीतरी उद्या भेटतोच. अशा स्पर्धेत विचार मागे पडतो आणि लिलाव उरतो.

टिकणारा संदेश कामातूनच उभा राहतो. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ योजनांचे पाणी जेथे पोहोचले, तेथे द्राक्षबागा आणि ऊस बोलतात. जेथे पोहोचले नाही, त्या जतच्या पूर्व भागातील गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याची भाषा केली. तहानलेल्या गावाला अस्मितेचे व्याख्यान पुरत नाही. राष्ट्राचा विचार सांगणाऱ्याने आवर्तनाची तारीखही सांगितली पाहिजे, आणि ती चुकली तर त्याच पारावर जाऊन चूक कबूल केली पाहिजे.

२००४ मध्ये 'भारत उदय'चा झगमगाट देशाने नाकारला. तेव्हा ज्याच्या दारी उदय झाला नव्हता, त्याला जाहिरात परकी वाटली. कार्यकर्त्याने म्हणूनच निवडणुकीच्या पंधरा दिवसांपेक्षा मधल्या पाच वर्षांचा हिशेब ठेवावा. व्यासपीठावरचे वाक्य गावातल्या माणसाला आपल्या अनुभवाशी जुळणारे वाटले, तरच ते मतपेटीपर्यंत पोहोचते.