सुटीवरून परतलेले घर आणि पादांशिक क्रम



जूनचा दुसरा आठवडा उजाडला की आपल्या चिकित्सालयांत एक परिचित गर्दी होते, ती गावाहून परतलेल्या कुटुंबांची. आईला आम्लपित्त, वडिलांना आध्मान, मुलांना भूक नाही, सकाळी उठवत नाही. आपणही ठरावीक औषधे देतो. कोणाला हिंग्वष्टक, कोणाला कामदुधा. दोन-तीन आठवड्यांत घर पूर्वपदावर येते आणि यश औषधाच्या खात्यावर जमा होते. गेली सुमारे वीस वर्षे मीही हेच करीत आलो. त्यात आपली काही चूक होत आहे, असे आता वाटते. हे मला माझ्याच घराने शिकविले, हे प्रारंभीच सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी पत्नी आणि मुलगी राजापूरकडील आजोळी महिनाभर राहून शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी पुण्यास परतल्या. तिकडे सकाळी नऊला उठणे, दुपारी आमरस, मग झोप, रात्री अंगणात गप्पा आणि फणसाचे गरे. ग्रीष्मात दिवास्वाप शास्त्रसंमतच आहे. माझी तक्रार नव्हती. परंतु घरात पाऊल पडताच मी वर्षा ऋतुचर्या संपूर्ण लागू केली. दिवसा झोप बंद, रस बंद, उकळून गार केलेले पाणी, जुन्या तांदळाचा भात, पहाटे सहाला उठणे. सर्व नियम शुद्ध, एकही ग्रंथबाह्य नाही. आठवड्यात मुलीचे डोके दुखू लागले. नेत्रतज्ज्ञांकडे नंबर तपासून झाला, डोळे निर्दोष. पत्नीने मात्र सहज विचारले, "अहो, ती सकाळी शौचाला जातच नाही, हे तुमच्या लक्षात आले आहे का?"

आले नव्हते. महिनाभर नऊनंतर येणारा मलवेग आता शाळेच्या वर्गात येत होता आणि मुलगी तो दडपीत होती. पुरीषवेगाच्या धारणाने शिरःशूल, प्रतिश्याय, पिंडिकोद्वेष्टन होते, हे आपण पदवीच्या परीक्षेत लिहून गुण मिळविलेले आहेत. परीक्षेबाहेर ते आठवावे लागते!

ग्रीष्मात वाताचा संचय, वर्षेत प्रकोप, अग्नी मंद. ऋतुसंधी म्हणजे सरत्या ऋतूचा शेवटचा आणि येत्या ऋतूचा पहिला सप्ताह. या चौदा दिवसांत पूर्वीचा विधी क्रमाने सोडावा व नवा क्रमाने स्वीकारावा, सहसा काही करू नये, असे वाग्भटाचार्य सांगतात. सवयीचे झालेले अपथ्य चतुर्थांशाने किंवा त्याच्याही चतुर्थांशाने सोडावे, हेही त्यांचेच. नऊचे सहा करायचे तर अंतर तीन तासांचे. त्याचा पाद पाऊण तास. चरकोक्त एक, दोन, तीन दिवसांची अंतरे ठेवली तर पहिला पाद पहिल्या दिवशी, दुसरा तिसऱ्या, तिसरा सहाव्या आणि चौथा दहाव्या दिवशी पडतो. म्हणजे शाळेच्या किमान दहा दिवस आधी घर गाठले पाहिजे. हा सल्ला मेमध्ये द्यावयाचा, जूनमध्ये नव्हे. आणि मेमध्ये आपण तो देत नाही, कारण तेव्हा कोणी आजारी नसते.

औषधविक्रेत्या मित्रांना हे रुचणार नाही, याची कल्पना आहे. पावसाळ्याच्या तोंडावर 'पाचक संच' मांडणे हा त्यांच्या व्यवसायाचा भाग आहे आणि त्यात गैर काही नाही. परंतु दहा वर्षांच्या मुलाला विचारपूस न करता रेचक चूर्ण देणे गैरच. वर्षेत अग्नी दुर्बळ असताना मृदू कोष्ठाच्या बालकास नित्य रेचन म्हणजे वातास आमंत्रण. गिऱ्हाईकाने मागितले म्हणून दिले, हे उत्तर किराणा दुकानदाराने द्यावे, आपण नव्हे.

येथे एक सावधगिरी. परतलेल्या प्रत्येकाची मंद भूक ऋतुसंधीच्या माथी मारू नये. पिवळी लघवी, न उतरणारा ज्वर, किंवा चिखलपाण्यात वावरलेल्या माणसास तापासह पिंडऱ्यांत तीव्र वेदना, असे दिसल्यास कावीळ, हिवताप, लेप्टोस्पायरोसिस यांच्या तपासण्या त्याच दिवशी कराव्यात आणि गरज वाटल्यास रुग्णालयात धाडावे. पिंडऱ्या वेगधारणानेही दुखतात, म्हणूनच हे मुद्दाम लिहिले.

माझ्या शेजारच्या औषधालयाच्या मालकांना मी गेल्या मेमध्ये एक छोटी चिठ्ठी छापून दिली : परतीचा दिवस, उठण्याच्या चार वेळा, दुपारची झोप कशी कमी करावी, आणि शाळेपूर्वी मुलास शौचासाठी वीस मिनिटे निवांत वेळ. त्यांनी ती आधी नाराजीने गल्ल्याखाली ठेवली. जूनमध्ये चूर्णाचे डबे नेहमीपेक्षा कमी खपले, असे ते म्हणाले. चिठ्ठ्या मात्र संपल्या होत्या, आणि त्यांनी आणखी शंभर मागविल्या.