विसर्जन मूर्तीचे, श्रेयाचे नव्हे

नवरात्र आले की यवतमाळ नगरी दुर्गामय होते. मंडपोमंडपी भाविक देवीचे छायाचित्र टिपतात. उत्सव सरला की मृण्मयी मूर्ती जलार्पण होते; छायाचित्र मात्र उरते, कधी दिनदर्शिकेवर छापून विकलेही जाते. त्यावर मूर्तिकाराचे नाव क्वचितच आढळते.

कोणी म्हणेल, जगदंबेवर कसला मालकीहक्क? तिच्यावर नाहीच, पण मूर्तिकाराच्या कलेवर त्याचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ सार्वजनिक स्थळी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचे छायाचित्र घेण्यास व प्रसिद्ध करण्यास मोकळीक देते. नऊ दिवसांची मूर्ती 'कायम' नव्हे. तिला ती सवलत लागू नाही. देव्हाऱ्यासाठी चित्र घेणाऱ्याने धास्ती बाळगू नये. खाजगी उपयोगास कायद्याची मुभा आहे. विक्री करणाऱ्याने मात्र मूर्तिकाराची अनुमती घ्यावी. कलम ५७ अन्वये आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्कही त्याला आहे.

आवाहनाने आलेले देवत्व विसर्जनाने स्वस्थानी जाते. घडविणाऱ्याचे श्रेय विसर्जित होत नाही. कळंबास श्रीचिंतामणीपुढे कीर्तनास उभे राहून आम्ही अभंग गातो, तेव्हा अखेरची संतांची नाममुद्रा गाळीत नाही. गाळली तर श्रोते आम्हांस क्षमा करणार नाहीत. मग मूर्तिकाराचीच नाममुद्रा का गळावी? मंडळांनी ती मंडपात लावावी, छापणाऱ्यांनी चित्राखाली छापावी. ज्या हातांनी आईचे मुख घडविले, त्यांचे स्मरण हीही तिचीच पूजा होय.