खिशातली कॅसेट

ब्रूस स्प्रिंगस्टीन हे नाव आमच्या घरात आणलं ते धाकट्या चिरंजीवांनी. एरवी आमच्याकडे भीमसेनजी, नाहीतर डॉ. राजकुमार! रॉक म्हणजे नुसता ढणढणाट, हे माझं पक्कं मत. पण परवा त्याने 'नेब्रास्का' लावला आणि मी भाजी चिरायची थांबले.

हा अमेरिकन गायक गाणी स्वतःच लिहितो. १९८० साली त्याचा 'द रिव्हर' तिकडे पहिल्या क्रमांकावर गेला होता. मागे ई स्ट्रीट बँडचा ताफा, ड्रम, पियानो, सॅक्सोफोन. पुढचंही तसंच दणदणीत येणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण १९८२च्या जानेवारीत या गृहस्थाने न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, झोपायच्या खोलीत, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर नवी गाणी टेप केली. बहुतेक ठिकाणी गिटार, माउथऑर्गन आणि आवाज, बस्स. कारखाना बंद पडून देणेकऱ्यांनी घेरलेला कामगार, वाया गेलेल्या भावाला पाठीशी घालणारा पोलीस, अशी त्यातली माणसं.

खरं तर ही टेप बँडला चाली कळाव्यात एवढ्यासाठीच होती. स्टुडिओत सगळ्यांनी मिळून गाणी वाजवली. काही जमली, पण यांतली बहुतेक सजवावी तितकी निस्तेज होत गेली. शेवटी महिनोन्‌महिने खिशात बिनडबीची फिरलेली तीच कॅसेट ३० सप्टेंबर १९८२ला अल्बम म्हणून निघाली. तिच्यावरून तबकडी तयार करताना तंत्रज्ञांना घाम फुटला म्हणे! बँडबरोबरची काही मुद्रणं पुढे २०२५ साली निघाली. चिरंजीवांनी तीही ऐकवली. वाईट नाहीत, पण त्यांत ती खोली नाही.

तुमच्याही घरी असेल अशी एखादी कॅसेट. आमच्या सासूबाई, म्हणजे अव्वा, जात्यावरच्या ओव्या आणि कन्नड बीसुव पदं एका दमात म्हणायच्या. कुठली कुठे संपली ते त्यांनाही सांगता येत नसे. १९९१ साली मी ती टू-इन-वनवर भरून घेतली. मागे कुकरच्या शिट्ट्या, यांचं खोकणं. अव्वा गेल्या, त्यानंतर दोन वर्षांनी हेही.

चिरंजीव ती टेप संगणकावर साफ करून सर्व नातेवाइकांना देणार होते. परवा मी म्हटलं, "कुकर राहू दे रे."

"आणि बाबांचा खोकला?"

"तोसुद्धा."


त्याने काही न बोलता मशीन बंद केलं. मी पुन्हा भाजी चिरायला घेतली.