भर पावसातली कोकणवाट

श्रावण अर्धा सरला की वाकोल्यात गावाकडची भाषा सुरू होते. दत्तमंदिर रोडवरच्या चाळींत आणि नव्याने उभ्या राहिलेल्या इमारतींत, द्रुतगती महामार्गाच्या कडेला असलेल्या चहाच्या टपरीवर, संगमेश्वर, लांजे, कणकवली ही नावे अधिक वेळा कानी पडू लागतात. पूर्वी या बोलण्यात पहिला प्रश्न असे तो आरक्षणाचा. अलीकडे त्याच्या जोडीने दुसरा प्रश्न ऐकू येतो: यंदा कोणत्या वाटेने जायचे? वस्तुतः पनवेल, पेण, माणगाव, महाड, खेड, चिपळूण असा एकच राजमार्ग वर्षानुवर्षे ठरलेला. तथापि चिपळूणला जावयाचे म्हणून आधी खंडाळ्याचा घाट चढावा, पुणे-सातारा करीत कऱ्हाड गाठावे आणि कुंभार्ली घाटाने पुन्हा खाली कोकणात उतरावे, हा द्राविडी प्राणायाम आता शहाणपणाचा मानला जातो. सह्याद्री दोनदा ओलांडणे हे समुद्रकाठच्या सरळ रस्त्यापेक्षा सुखाचे वाटावे, यापरते त्या रस्त्याचे दुसरे वर्णन करण्याची आवश्यकता नाही.

या रस्त्यावरील पावसाळी प्रवासाच्या कथा प्रत्येक कोकणी कुटुंबात सापडतात आणि त्या बहुधा हसत हसत सांगितल्या जातात. वडखळ आणि नागोठण्याच्या दरम्यान, ऐन मध्यरात्री, एका खासगी बसचा वायपर बंद पडल्यावर क्लीनरने त्याला सुतळी बांधून ती खिडकीतून माणगावपर्यंत ओढत नेल्याचे प्रस्तुत लेखकाने स्वतः पाहिले आहे. छतातून गळणाऱ्या पाण्याखाली धरलेला जेवणाचा डबा, खड्ड्यात बसलेल्या चाकाला खांदा देणारे पंचवीस प्रवासी, मखराच्या सामानावर पांघरलेला घरातला एकुलता एक रेनकोट, हे सारे गमतीचे म्हणून खपून जाते. कोकणी माणसाचा हा विनोद त्याला तारतो, हे खरे. पण त्याच विनोदाने राज्यकर्त्यांनाही वर्षानुवर्षे तारले आहे. ज्या गोष्टीवर लोक हसतात तिच्याबद्दल जाब द्यावा लागत नाही, एवढे कोणत्याही पक्षाच्या सरकारला समजते.

रस्ता खचला, दरड कोसळली की ठेवणीतला एक शब्द बाहेर निघतो: अतिवृष्टी. वाकोलकरांना तरी या शब्दाचे नवल वाटावयाला नको. मुंबईच्या उपनगरांचा पाऊस जेथे मोजला जातो ती सांताक्रूझची वेधशाळा त्यांच्या शेजारचीच. २६ जुलै २००५ रोजी तिने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली, तेव्हा वाकोला नाला आणि मिठी नदी यांनी सारा परिसर पाण्याखाली घातला, आणि हजारो माणसे महामार्गावरून रात्रभर पायी चालत घरी गेली. तो दिवस निःसंशय अपवादात्मक होता. परंतु कोकणात चार महिन्यांत साधारणतः तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला त्याहून कितीतरी अधिक. हा अपवाद नव्हे, नियम आहे. गणेशचतुर्थी भाद्रपदात येते हेही कोणा सरकारपासून लपवून ठेवलेले गुपित नाही. पंचांगात तिची तारीख पुढील कित्येक वर्षांची आधीच मिळते. जो पाऊस दरवर्षी येतो आणि जी गर्दी दरवर्षी होते, त्या दोहोंच्या भेटीला आकस्मिक आपत्ती म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग आहे.

आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांनी पावसाळ्याशी असा अनभिज्ञपणाचा व्यवहार पूर्वी कधी केला नव्हता. समुद्राचे एक वेळापत्रक होते. पावसाळा आला की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावाचून कोळी समुद्रात जात नसे. मुंबईहून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवणकडे जाणाऱ्या आगबोटीही पावसाळ्यात बंद असत. चाकरमानी कुरकुरत असे, पण बोट नाही म्हणजे नाही, हे त्याला पटलेले असे. जेथे हा शिरस्ता सुटला तेथे काय झाले, तेही इतिहासात आहे. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन आषाढात, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. मुंबई बंदरापासून काही मैलांवर घडलेला हा अनर्थ मुंबईला कळावयास कित्येक तास लागले. जी माणसे वाचली त्यांतली अनेक रेवसच्या बाजूच्या कोळ्यांच्या होड्यांनी वाचवली.

रेल्वेलाही पावसाळ्याचे वेळापत्रक शिकावे लागले, आणि तिने ते मोठी किंमत देऊन शिकून घेतले. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये सुरू झाला. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीवर आदळून गाडीला अपघात झाला. पन्नासहून अधिक प्रवासी मृत्यू पावले. वर्ष उलटते न उलटते तोच, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस रुळावर आलेल्या दगडांमुळे घसरली. त्यानंतर पावसाळ्यातील गाड्यांचा वेग कमी करण्यात आला, डोंगरकाप रुंद केले गेले, दगड अडविणाऱ्या जाळ्या बसल्या, पर्जन्यमापके व मोठ्या पुलांवर वारा मोजणारी यंत्रे आली आणि रात्री कंदील घेऊन मार्गावर चालणारे गस्तवाले वाढले. आजही जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वे निराळ्या वेळापत्रकाने धावते. गाडी उशिरा पोहोचते म्हणून प्रवासी चडफडतो. पण उशीर छापील असतो आणि त्यामागचे कारण त्याला ठाऊक असते. दरडी आजही पडतात. मार्ग कधी कधी बंदही राहतो. फरक इतकाच, की दरड पडेल हे गृहीत धरून तेथे कारभार चालतो.

समुद्राला वेळापत्रक होते, रेल्वेला आहे. रस्त्याला मात्र नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल वाहून गेला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या एसटीच्या दोन गाड्या आणि इतर वाहने, आतल्या प्रवाशांसह, काळोखात नदीत गेली. या पुलाची त्याच वर्षी मे महिन्यात तपासणी झाली होती आणि तो सुरक्षित असल्याचा निर्वाळा मिळाला होता, असे नंतर सरकारतर्फे सांगण्यात आले. तपासणी झाली असेल, यावर आपण विश्वास ठेवू. पण मेमध्ये कोरड्या नदीवर उभा असलेला पूल आणि ऑगस्टमध्ये महाबळेश्वरचे सारे पाणी अंगावर घेणारा पूल, या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूरवरून महाडला येते. वर किती पाऊस झाला हे समजले तर खाली काय येणार, याचा अंदाज पूल वाहून जाण्यापूर्वी बांधता येतो. त्यात भरतीची वेळ साधली तर खाडीकडून पाणी उतरण्यास जागाच उरत नाही, हे महाडच्या व्यापाऱ्याला तोंडपाठ असते. ही माहिती त्या रात्री पुलाच्या तोंडाशी पोहोचविणारा कोणी नव्हता. पुढे जाणाऱ्या गाडीचे दिवे एकाएकी दिसेनासे झाल्याचे लक्षात आले ते पुलाशेजारच्या एका गॅरेजवाल्याच्या, आणि त्याने मागून येणाऱ्या गाड्या थांबविल्या. १९४७ मध्ये होडीवाले कोळी, २०१६ मध्ये गॅरेजवाला: मधल्या सत्तर वर्षांत आपली सावधगिरीची यंत्रणा किती पुढे गेली, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

पुलावरून पाणी जात असेल तर गाडी नेऊ नये, हा नियम चालकाला सांगितला जातो आणि तो योग्यच आहे. पण पाणी पुलावर आले नाही, तर पूलच पाण्यात गेला, अशा वेळी चालकाने काय करावे? पावसाच्या पडद्याआड वीस हातांपलीकडचे दिसत नसताना पुलाचा पाया शाबूत आहे की नाही, हे स्टिअरिंगवरच्या माणसाने ओळखावे, ही अपेक्षा क्रूर आहे.

त्याच सावित्रीवर नवा पूल मात्र १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये त्यावरून वाहतूक सुरू झाली. म्हणजे मनात आणले तर काम होते. मग पनवेल-इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला, जे २०११ मध्ये सुरू झाले, असा कोणता शाप आहे? उच्च न्यायालयात याचिका झाल्या, न्यायालयाने ताशेरे ओढले, मंत्र्यांनी पाहणी दौरे केले, प्रत्येक गणपतीपूर्वी नव्या मुदती दिल्या गेल्या. २०२५ च्या गणेशोत्सवातही माणगाव आणि इंदापूरच्या बाह्यवळणांची कामे पुरी झालेली नव्हती. महामार्गाचा क्रमांक १७ चा ६६ झाला, एवढे काम मात्र विनाविलंब पार पडले. वाकोल्याच्या रहिवाशांना अशा दिरंगाईचा घरचाच अनुभव आहे. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता, अवघा साडेसहा किलोमीटरचा, २००३ मध्ये हाती घेतला गेला आणि २०१४ मध्ये खुला झाला.

दिरंगाईपेक्षाही गंभीर आहे ती डोंगराबद्दलची बेपर्वाई. कोकणात वर सच्छिद्र जांभा असतो, त्याखाली अनेक ठिकाणी चिकणमातीचा थर. जांभ्यातून झिरपलेले पाणी या थरावर साचते, माती निसरडी होते आणि पायथा कापलेला असेल तर वरचा सगळा भार खाली सरकतो. जुन्या माणसांनी घाटातले रस्ते अरुंद ठेवले, नागमोडी नेले, जागोजाग मोऱ्या काढल्या, त्यामागे केवळ दारिद्र्य नव्हते. रुंदीकरणासाठी चिपळूणजवळच्या परशुराम घाटात डोंगर उभा कापला गेला आणि २०२२ च्या पावसाळ्यात दरडींमुळे तो घाट दिवसेंदिवस बंद ठेवावा लागला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला. तेव्हा अतिवृष्टी हा शब्द कोणाच्या उपयोगी पडला असेल, कोण जाणे.

पावसाळ्यात लोकांनी प्रवासच करू नये, असा सल्ला देणारे काही सज्जन आहेत. त्यांनी तो वाकोल्यातल्या एखाद्या कारकुनाला समक्ष द्यावा. ज्याचे म्हातारे आईवडील खेडला आहेत, ज्याच्या घरचा गणपती पिढ्यान् पिढ्या बसतो आणि ज्याची रजा कचेरीने मोठ्या मिनतवारीने मंजूर केली आहे, त्याला प्रवास हा छंद नव्हे. एसटी महामंडळ उत्सवासाठी हजारो जादा गाड्या सोडते. त्या काळात अवजड वाहने बंद ठेवली जातात, टोल माफ होतो. ही सारी व्यवस्था स्वागतार्ह आहे, परंतु ती गर्दीची व्यवस्था आहे, पावसाची नव्हे.

महामार्गाला जून ते ऑक्टोबरचे स्वतःचे वेळापत्रक हवे. कोणत्या घाटात रात्री किती वेगाने जावयाचे, कोणत्या पुलाजवळ पाण्याची खूण कोठवर चढली की वाहतूक थांबवावयाची, आणि थांबलेल्या प्रवाशांनी कोठे रात्र काढावयाची, हे मे महिन्यात ठरून एसटीच्या प्रत्येक आगारात लागलेले असावे. आज पनवेल-इंदापूर केंद्राच्या प्राधिकरणाकडे आणि पुढचा रस्ता राज्याच्या बांधकाम खात्याकडे अशी वाटणी आहे. पाणी ही हद्द मानीत नाही, म्हणून पावसाळ्यापुरता तरी एकच जबाबदार अधिकारी सबंध मार्गासाठी असावा. सर्वांत निकडीचे काम खर्चाचे नाही. सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री या नद्यांच्या पुलांवर चार महिने रात्रंदिवस माणूस हवा, त्याच्या हाती वरच्या खोऱ्यातील पावसाचा आकडा तासातासाला यावयास हवा, आणि वरिष्ठांची वाट न पाहता अडसर टाकण्याचा लेखी अधिकार त्याला असावा. रेल्वेच्या साध्या गस्तवाल्याला लाल दिवा दाखवून अख्खी गाडी थांबविता येते. महाडच्या पुलावर तेवढा अधिकार कोणाकडे आहे, हे बांधकाम खात्याने यंदाच्या मृगापूर्वी नावानिशी जाहीर करावे.