पहिल्या अंकाची कसोटी : चित्र आधी पोहोचते, पुरावा मागून येतो

१.
नव्या कॉमिकचा पहिला अंक बाजारात आला की त्याविषयीची मते ठरलेल्या वाटेने जातात. मुखपृष्ठ कसे आहे, कागद गुळगुळीत आहे का, नायक रुबाबदार दिसतो का, किंमत परवडते का, दुसरा अंक कधी येणार. अप्पा बळवंत चौकातले दुकान असो वा डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर भरणारा पुणे पुस्तक महोत्सव, अंक चाळताना बोलणे होते ते एवढेच. इतिहासावरील कॉमिकच्या बाबतीत मात्र एक महत्त्वाचा प्रश्न निसटतो. यातले घडलेले किती आणि कल्पिलेले किती, हे अंक स्वतः सांगतो का? हा थ्रेड त्या प्रश्नाविषयी आहे.

२.
पहिल्या अंकाचे मोल पुण्याला नव्याने सांगावे लागत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये निघाली, ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ रोजी. पहिल्या अंकातून नियतकालिक आपला बाणा जाहीर करते. कॉमिकचा पहिला अंकही असाच जाहीरनामा असतो. फक्त तो रेषांनी लिहिलेला असतो. नायकाचा चेहरा, पोशाख, गडाचे रूप, शत्रूची ठेवण एकदा ठरली की पुढचे अंक त्याच साच्यातून निघतात. त्यामुळे पहिल्या अंकातली चूक त्या अंकापुरती उरत नाही, ती साऱ्या मालिकेची होते.

३.
इतिहास चित्रांतून घराघरांत नेण्याचा उद्योगही पुण्यात जुना आहे. चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा सुरू केली. देवदेवतांच्या आणि ऐतिहासिक पुरुषांच्या रंगीत शिळाछापांनी सामान्य घरांच्या भिंती भरल्या. ज्यांनी बखरीचे एक पानही वाचले नव्हते, त्यांच्या मनात पेशवाईतल्या मुत्सद्द्यांना चेहरे मिळाले. छापील चित्राचे सामर्थ्य या शहराने दीडशे वर्षांपूर्वीच ओळखले होते. त्या सामर्थ्याची दुसरी बाजू उमगायला मात्र आणखी काही दशके जावी लागली.

४.
विसाव्या शतकाच्या आरंभी शिवाजी महाराजांचे म्हणून एक चित्र सर्रास प्रचारात होते. प्रत्यक्षात ते इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच व्यक्तीचे होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी परदेशी संग्रहांतील सामग्री चाळून महाराजांचे अस्सल चित्र शोधले आणि १९३३ मध्ये ते पुण्यात प्रसिद्ध केले. तोवर चुकीच्या चेहऱ्याला लोक भक्तिभावाने वंदन करीत होते. त्यात कोणाचा कपटभाव नव्हता. चित्राखाली ‘हे कोठून आले’ ही एक ओळ नव्हती, इतकेच. या थ्रेडचा सारा मुद्दा त्या न छापलेल्या ओळीभोवती फिरतो.

५.
आता कॉमिककडे. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही माला सुरू केली. पहिल्या अंकाचा नायक होता ली फॉक यांचा फँटम. पुढे मराठी वाचकांनी त्याला ‘वेताळ’ या नावाने आपलेसे केले. ज्या शहरात एका टेकडीचेच नाव वेताळ आहे आणि गावोगावी वेशीबाहेर वेताळाचे ठाणे असते, तिथे हे नाव परके वाटणे शक्य नव्हते. १९९० मध्ये माला थांबली, तोवर तिचे ८०० हून अधिक अंक निघाले होते.

६.
वेताळ पूर्णपणे काल्पनिक होता. त्याच्याकडे कोणी पुरावा मागितला नाही आणि मागण्याचे कारणही नव्हते. तरीही ते अंक आज इतिहासाची साधने ठरतात. मूळ कथांतला ‘बंगाला’ हा देश भारतीय आवृत्तीत ‘डेंकाली’ झाला, कारण बंगालशी घोटाळा नको होता. ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले, कारण ते आडनाव इथल्या असंख्य सज्जनांचे होते. साठच्या दशकातील भारतीय संपादकाला कोणत्या शब्दाची काळजी वाटत होती, हे या बदलांतून कळते. कल्पित कथाही आपल्या काळाविषयी खरी साक्ष देते. ती कल्पित आहे हे उघड असले म्हणजे झाले.

७.
अडचण सुरू होते ती कथा ‘खरी’ म्हणून समोर येते तेव्हा. अनंत पै यांच्या ‘अमर चित्र कथा’ची सुरुवात १९६७ ची. पहिल्या भारतीय कथेचा मान ‘कृष्ण’ला दिला जातो, पण त्या अंकाचा क्रमांक ११ आहे. आधीचे दहा क्रमांक पाश्चात्त्य परीकथांचे होते. मालिकेचा ‘पहिला अंक’ कोणता, या साध्या प्रश्नाचे उत्तरही असे दुपेडी आहे. पुढे याच मालेत कृष्णाशेजारी शिवाजी, तानाजी, बाजीराव आले. पुराण आणि इतिहास एकाच आकाराच्या चौकटींत, एकाच रंगांत, एकाच आवाजात बोलू लागले.

८.
या मालेचे ऋण मोठे आहे. इतिहास रुक्ष नसतो, हे दोन-तीन पिढ्यांना तिनेच दाखवले. तिला आज दोष देत बसणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण मुलाच्या हाती लागोपाठ दोन अंक पडतात, एक गोवर्धन उचलणाऱ्या कृष्णाचा आणि एक गड चढणाऱ्या तानाजीचा, तेव्हा पहिल्याचा आधार श्रद्धा आणि दुसऱ्याचा आधार कागदपत्रे, हा फरक त्याला कोण सांगणार? चित्रे तो सांगत नाहीत. रेषा दोन्हीकडे सारख्याच ठाम असतात. लेखकाला ‘कदाचित’ लिहिता येते. चित्रकाराला ‘कदाचित’ काढणे फार अवघड असते.

९.
सिंहगडाचेच उदाहरण घ्यावे. ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्रीचे चित्र काढायचे म्हटले की यशवंती घोरपड हवीच, असा बहुतेकांचा समज असतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासद बखरीत ही घोरपड नाही. ती पोवाड्यातून आली. ‘सिंहगड’ हे नाव तानाजींच्या मृत्यूनंतर पडले, अशी लोकसमजूत आहे. पण १६७० पूर्वीच्या पत्रव्यवहारातही ते नाव आढळते, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. यामुळे तानाजींचा पराक्रम तसूभरही उणा होत नाही. कडा तोच, रात्र तीच, मरण तेच. कमी होतो तो फक्त नंतर चढवलेला साज.

१०.
मग चित्रकाराने घोरपड काढू नये का? अवश्य काढावी. पोवाडा हाही महाराष्ट्राच्या स्मृतीचा भाग आहे आणि शाहिराने तो प्रसंग कसा पाहिला, हे जाणून घेण्यासारखे आहे. फक्त त्या चौकटीच्या कोपऱ्यात ‘पोवाड्यानुसार’ हा एक शब्द असावा. त्या एका शब्दाने वाचकाचा रसभंग होत नाही. उलट त्याला दोन गोष्टी मिळतात, एक घटनेची आणि एक त्या घटनेच्या आठवणीची.

११.
दुसरे उदाहरण शहराच्या मध्यातले. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात शाहिस्तेखानावर छापा पडला. आज कसबा पेठेत दिसणारा लाल महाल मात्र पुणे महानगरपालिकेने उभारलेला असून तो १९८८ मध्ये पूर्ण झाला. मूळ वास्तू केव्हाच नाहीशी झाली. आजच्या इमारतीचे छायाचित्र समोर ठेवून कोणी १६६३ चा प्रसंग रेखाटला, तर चित्र देखणे होईल, ओळखीचेही वाटेल. पण मावळे विसाव्या शतकातल्या वास्तूत शिरताना दिसतील. अशी चूक सहज घडते, कारण ओळखीची वस्तूच खरी वाटते.

१२.
यावर प्रकाशकांचा आक्षेप असतो आणि तो पोकळ नाही. कॉमिक म्हणजे प्रबंध नव्हे. मुलांना तळटीपा नकोत, वेग हवा. शिवाय एकेका पानाचा खर्च लहान प्रकाशकाला जड जातो, चित्रकारांचे मानधन आधीच तुटपुंजे असते. हे सारे मान्य करूनही मागणी फार लहान उरते. बत्तीस पानांत शेवटचे एक पान, किंवा आतल्या मुखपृष्ठाची मोकळी बाजू पुरे. कोणता प्रसंग कोणत्या साधनावरून घेतला, कोणते पात्र कल्पित आहे, पोशाख आणि शस्त्रे कशावरून ठरवली, इतके दहा-बारा ओळींत मावते.

१३.
आणि हे काम चित्रातूनही करता येते. आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’ला १९९२ मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्यात छळछावणीच्या दारातल्या वाद्यवृंदाचा प्रसंग आहे. कागदपत्रे सांगतात की वाद्यवृंद होता. चित्रकाराचे वडील, स्वतः बंदी असलेले, म्हणतात की त्यांना तो आठवत नाही. चित्रकार वाद्यवृंद काढतो आणि पुढच्या चौकटीत चालणाऱ्या कैद्यांच्या रांगेआड तो जवळजवळ झाकून टाकतो. साधनांतला मतभेद असा रेषेत मांडता येतो. वेग थांबत नाही आणि सत्यही दडपले जात नाही.

१४.
आपल्याकडेही नमुना आहे. डॉ. आंबेडकरांच्या जीवनावरील ‘भीमायन’ २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी त्यात चौकटींची रूढ मांडणीच नाकारली. ही चित्रे पाहून कोणालाही ती छायाचित्रासारखी ‘हुबेहूब’ वाटत नाहीत. हे एका चित्रपरंपरेने केलेले कथन आहे, हे वाचकाला प्रत्येक पानावर जाणवत राहते. हाही प्रामाणिकपणाच आहे. गुळगुळीत वास्तवदर्शी शैलीपेक्षा ती अधिक सावध ठरते, कारण ती साक्षीदार असल्याचा आव आणत नाही.

१५.
पहिल्या अंकाकडे गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्यांसाठीही एक धडा आहे. १९३८ च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ क्रमांक १ ची किंमत १० सेंट होती. २०२४ मध्ये त्याची एक प्रत ६० लाख डॉलरला गेली. ती दुर्मीळ झाली, कारण त्या काळी कोणी ती जपण्यासाठी घेतली नव्हती. उलट १९९१ च्या ‘एक्स-मेन’ क्रमांक १ च्या ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या, निरनिराळ्या मुखपृष्ठांसह. अनेकांनी त्या न वाचताच जपून ठेवल्या. पुढे फुगा फुटला आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. ‘पहिला’ या शब्दात स्वतंत्र मोल नसते.

१६.
जपणूक मात्र हवी, पण अभ्यासासाठी. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाले आणि त्याचे जुने अंक आज संगणकावर कोणालाही वाचता येतात. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वी मराठी मुलांपुढे कोणती चित्रे ठेवली जात होती, हे तपासणे सोपे झाले. मराठी कॉमिक्सच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच आले. पुष्कळ अंक रद्दीत गेले. आजच्या पहिल्या अंकाची एक प्रत जवळच्या ग्रंथालयात दिली गेली, तर २०७५ मधील संशोधक त्या वाचकाचे आभार मानेल.

१७.
तेव्हा नवा ऐतिहासिक कॉमिक हाती आला की मत बनवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. साधने सांगितली आहेत का? कल्पित पात्रे आणि प्रसंग वेगळे ओळखू येतात का? शत्रूपक्षाच्या माणसांना माणसाचे चेहरे दिले आहेत का, की एकाच साच्याचे राक्षस? तिसरा प्रश्न पुराव्याचाच आहे. मोगलांच्या सेवेत मराठे होते, मराठ्यांच्या सेवेत मुसलमान सरदार होते. हे कागदपत्रांत आहे आणि चित्रात दिसत नसेल, तर अंकाने पुरावा वगळला आहे.

१८.
तीनही उत्तरे ‘नाही’ आली तरी अंक फेकून देऊ नये. प्रकाशकाला पत्र लिहावे. पहिल्या अंकाच्या वेळी साचा अजून ओला असतो. विसाव्या अंकापर्यंत तो दगड होतो आणि मग दुरुस्तीला बेंद्र्यांसारख्या संशोधकाची वाट पाहावी लागते. चुकीच्या चेहऱ्याने लोकांच्या मनात जे घर केले, ते मोडायला १९३३ साल उजाडावे लागले. आजच्या वाचकाला तेच काम एका पत्रात करता येते, दुसरा अंक छापायला जाण्याआधी.

(समाप्त)